चीन देश आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



 मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. खडू आणि नकाशा हातात असला की मला बोलता येते, एरवी फारसे नाही. म्हणून चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी नकाशातलाच एक देश निवडला, तो म्हणजे चीन.

विषयाची सूचना फलकावर लागली आणि दोघीतिघींनी मला वाटेतच गाठले. त्यांचे म्हणणे असे की, ज्या देशाने १९६२ साली आपल्यावर युद्ध लादले, ज्याच्या सैन्याशी झालेल्या झटापटीत १५ जून २०२० च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, त्या देशाच्या गोष्टी वर्धापनदिनी कशाला? आक्षेप खरा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. माझे उत्तर अगदी घरगुती आहे. शेजारीण भांडकुदळ निघाली, तर शहाणी गृहिणी तिच्याकडे पाठ फिरवून बसत नाही. तिच्या घरात माणसे किती, मिळवते कोण, सासर कसे, तिचे दुखणे काय आणि ती कशासाठी भांडते, हे सारे ती नीट जाणून घेते. राग असला तरी माहिती हवी. किंबहुना राग असला म्हणजे माहिती अधिकच हवी. शिवाय त्या घरात केवळ भांडणारेच राहतात असेही नाही. तेव्हा आज मी गुणगान करणार नाही आणि निंदाही करणार नाही. जे आहे ते सांगणार आहे.

प्रथम एक योगायोग सांगते. माघी पौर्णिमा आली की आपल्या सालेकसा तालुक्याचे रूप पालटते. दरेकसा स्टेशनावर गाड्या भरभरून माणसे उतरतात, धनेगावची वाट फुलून जाते आणि गोंड समाजाचे हजारो बंधुभगिनी कचारगडच्या गुहेकडे चालू लागतात. कोया पुनेमाचे ते आद्य तीर्थ. आता मौज पाहा. चिनी पंचांगातही महिने चंद्राचेच, आणि त्यांचे नवे वर्ष आपल्या माघाच्या सुमारासच सुरू होते. त्या वर्षातील पहिली पौर्णिमा म्हणजे त्यांचा कंदिलांचा उत्सव. घरोघर रंगीत कंदील लावतात आणि तांदळाच्या पिठाचे गोळे पाकात शिजवून खातात. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी त्यांची ती पौर्णिमा आणि आपली माघी पौर्णिमा एकाच दिवशी आली. चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी आपल्याप्रमाणे तेही अधिक महिना धरतात. मात्र तो धरण्याचा हिशेब दोघांचा वेगळा असल्यामुळे एखाद्या वर्षी महिन्याचे अंतर पडते. २०२६ हे तसे वर्ष. परंतु बहुधा असे होते की, कचारगडच्या डोंगरावर ज्या चंद्राखाली पेन-पूजा चालते, त्याच चंद्राखाली तिकडे कंदील हलत असतात.

आता देशाकडे वळू. चीनचे क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट. लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. जगात सर्वांत अधिक माणसे चीनमध्ये, हे वाक्य आपण शाळेत पाठ केले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली तो मान आपल्याकडे आला. मान म्हणावा की भार, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एवढ्या अवाढव्य देशाचा नकाशा लक्षात कसा ठेवावा? मी मुलींना सांगत असे की, तीन पायऱ्यांचा जिना डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला सर्वांत वरची पायरी तिबेटचे पठार, समुद्रसपाटीपासून सरासरी चार हजार मीटरांहून उंच. मधली पायरी एक ते दोन हजार मीटर उंचीच्या पठारांची. तिसरी पायरी पूर्वेच्या सखल मैदानांची, तिच्यापुढे समुद्र. जिन्यावरून पाणी ओतले की जसे खाली धावते, तशा तेथील मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतात. उत्तरेला पीत नदी, जिला ते ह्वांग हो म्हणतात, आणि दक्षिणेला यांगत्से. यांगत्से सुमारे ६,३०० किलोमीटर लांब असून जगात तिचा क्रमांक तिसरा लागतो. याच वरच्या पायरीवर आपली ब्रह्मपुत्राही त्सांगपो या नावाने उगम पावते. तेव्हा तिबेटात काय चालले आहे याच्याशी आसामातील शेतकऱ्याचा थेट संबंध आहे, हे ध्यानात असू द्यावे.

या दोन नद्यांच्या मधून छिनलिंग नावाची पर्वतरांग आणि ह्वाय नदी यांची एक रेघ जाते. ती चीनच्या स्वयंपाकघराची सीमारेषा होय. रेघेच्या उत्तरेला पाऊस कमी, म्हणून गहू आणि भरड धान्ये. तेथली गृहिणी कणकेच्या शेवया आणि वाफवलेले पाव करते. दक्षिणेला पाऊस भरपूर, म्हणून तांदूळ. भाताची शेती यांगत्सेच्या खोऱ्यात नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली, असे उत्खननांवरून दिसते. आपण गोंदियाच्या बायका, धानाच्या मुलखातल्या. पऱ्हे टाकणे, बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणे, हे आपल्या अंगवळणी पडलेले. यांगत्सेकाठच्या बाईची पाठही शतकानुशतके अशीच वाकत आली आहे.

आणि हा संबंध नुसत्या साम्याचा नाही. पूर्वीचे धान उंच वाढे. खत अधिक दिले की ते लोंबीच्या भाराने लोळे आणि हातचे पीक जाई. १९६४-६५ च्या सुमारास तैवानातून ‘तायचुंग नेटिव्ह १’ हे बुटके वाण आपल्याकडे आले. त्याचा बुटकेपणा ‘डी-जिओ-वू-जेन’ या जुन्या चिनी धानाकडून आलेला होता. त्या वाणाचा आपल्या ‘टी १४१’ या धानाशी संकर करून ‘जया’ हे वाण तयार झाले आणि १९६८ साली ते शेतकऱ्यांच्या हाती पडले. आज बांधीत उभ्या असलेल्या बहुतेक बुटक्या धानाच्या वंशावळीत ती चिनी आजी कोठे तरी बसलेलीच आहे. १९६२ साली सीमेवर बंदुका चालल्या, आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांत त्या बियाण्याच्या वंशजांनी आपल्या मुलांच्या ताटात भात वाढला!

आता मी आपले बोट धरून चीनच्या एकाच प्रांतात नेणार आहे. सारा देश तासाभरात पाहणे शक्य नाही, आणि या एका प्रांताचे धागे आपल्याकडे विलक्षण रीतीने येऊन पोहोचले आहेत. त्या प्रांताचे नाव शान्शी.

शान्शीच्या उत्तर भागात पिवळ्या मातीचे पठार आहे. वाळवंटाकडून वाऱ्याने उडत आलेली मऊ धूळ लक्षावधी वर्षे साचत गेली. तिचा थर कित्येक ठिकाणी शंभर मीटरांहूनही जाड आहे. पीत नदी ही माती पोटात घेऊन वाहते म्हणून तिचे पाणी पिवळे. मैदानात उतरल्यावर गाळ खाली बसतो, नदीचे पात्र उंच होत जाते, लोक काठाचे बांध आणखी उंच करतात, आणि अखेरीस नदी आजूबाजूच्या शेतांहून वरून वाहू लागते. मग एके वर्षी बांध फुटतो. यामुळेच तिला ‘चीनचे दुःख’ असे नाव पडले. जून १९३८ मध्ये तर जपानी सैन्याला अडविण्यासाठी चीनच्या तत्कालीन सरकारनेच आपल्या हाताने बांध फोडला. सैन्य काही काळ अडले खरे, पण त्या पाण्याने आणि मागून आलेल्या उपासमारीने लाखो चिनी माणसांचाच बळी घेतला.

याच पिवळ्या मातीत लोकांनी डोंगराच्या कुशी कोरून घरे केली. दर्शनी भागाला कमान, कागद लावलेली खिडकी, आत विटामातीचा उबदार ओटा. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. आपल्याला कचारगडची गुहा परिचित आहे. गोंडी परंपरा सांगते की, तेहेतीस मुले त्या गुहेत कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगोने त्यांना मुक्त केले, आणि जंगो रायताडने मातेच्या मायेने त्यांचा सांभाळ केला. गुहा म्हणजे जन्माची जागा, ही कल्पना आपल्या मातीत अशी खोल रुजलेली आहे. शान्शीच्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे गुहेतच होत आली.

शान्शीची राजधानी शीआन. तिचे जुने नाव छांगआन. इसवी सनापूर्वी २२१ साली छिन घराण्याच्या सम्राटाने भांडणारी राज्ये जिंकून चीन एक केला, तो याच भागातून. पुढे हान आणि थांग या वैभवशाली घराण्यांच्या काळी रेशमाचे तांडे येथूनच पश्चिमेकडे निघत. आणि येथूनच इसवी सन ६२९ च्या सुमारास एक तरुण बौद्ध भिक्षू, सरकारी परवाना नसताना, लपतछपत देशाबाहेर पडला. तो ह्युएन त्संग. बुद्धाचे ग्रंथ मूळ भाषेत वाचावेत, एवढीच त्याची ओढ. वाळवंट, बर्फाचे डोंगर, चोर, तहान या सर्वांतून तो भारतात आला, नालंदेस शीलभद्रांपाशी शिकला, आणि सारा देश फिरून ६४५ साली परत गेला. बरोबर २० घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते. ते ठेवण्यासाठी ६५२ साली बांधलेला मनोरा शीआनमध्ये आजही उभा आहे.

हा प्रवासी आपल्या अंगणापर्यंत आला होता. कलिंगाहून तो कोसल देशात, म्हणजे दक्षिण कोसलात आला. तो देश डोंगरांनी वेढलेला आणि रानामागून रान असलेला, असे वर्णन त्याने केले आहे. त्या देशाची राजधानी छत्तीसगडातील शिरपूर की आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील भांदक, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एक ठिकाण आपल्या पूर्वेला, दुसरे नैर्ऋत्येला, आणि मधे आपली ही राने. वैनगंगेकाठी पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आले, हे आपल्यापैकी काहींनी पाहिलेच असेल. म्हणजे त्याच्या धर्माची खूण त्याच्याही कितीतरी आधी आपल्या नदीवर उमटलेली होती.

पुढे दक्षिणेची फेरी करून तो महाराष्ट्रात आला. तेव्हा येथे चालुक्य पुलकेशीचे राज्य होते. येथील लोकांविषयी त्याने जे लिहून ठेवले, ते वाचताना हसू येते आणि मानही ताठ होते. माणसे उंच, साधी, करारी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. संकटात कोणी मदत मागितली तर स्वतःचा विचार न करता धावतात. सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी कळवून मग शस्त्र उचलतात. हर्षासारख्या सम्राटालाही हा देश जिंकता आला नाही, हेही त्याने नमूद केले आहे. आणि एक गोष्ट अशी की, लढाईत हरून आलेल्या सेनापतीला येथे दुसरी शिक्षा नसे, फक्त बायकांचे कपडे देत! भगिनींनो, आपला पोशाख म्हणजे शिक्षा, हे तेव्हाच्या पुरुषांनी ठरविले होते. तो सेनापती ते नेसून एक दिवस रोवणीला आला असता, तर शिक्षा कशाला म्हणतात ते त्याला कळले असते.

ह्युएन त्संगाच्याच ग्रंथात रेशमाची एक कथा आहे. रेशीम कसे करतात हे चीनने शतकानुशतके गुप्त ठेवले होते. खोतानच्या राजाने चिनी राजकन्येला मागणी घातली आणि निरोप पाठविला की, आमच्याकडे रेशीम नाही, वस्त्रे हवी असतील तर किड्यांची बीजे आपणच घेऊन यावीत. सीमेवर झडती होई. पण राजकन्येच्या मस्तकावरील आभूषणाला हात लावण्याची पहारेकऱ्यांची छाती झाली नाही, आणि त्यातच तिने ती बीजे नेली. सासरी जाताना माहेरचे काहीतरी पदरात बांधून न्यावे, ही ओढ राजकन्येलाही चुकली नाही.

आपल्या प्राचीन वाङ्मयातही हे रेशीम आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्टाचा आणि कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुकाचा उल्लेख येतो. परंतु आपल्या भागाला स्वतःचे रेशीम आहे, हे आपण विसरता कामा नये. तुतीच्या पानांवर घरात वाढविलेला किडा चीनचा, तर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्या रानात वाढणारा कोसा आपला. आपल्या भागातले ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करीत आले. पाखरांपासून, मुंग्यांपासून अळ्या जपायच्या, पावसात झाडाखाली बसायचे, आणि मग ती टणक कोशफळे उतरवायची. भंडाऱ्याकडील आंधळगावचे कोशाचे कापड दूरवर प्रसिद्ध आहे. रेशमाच्या उत्पादनात चीनचा क्रमांक पहिला आणि भारताचा दुसरा. मात्र कोशाचा तो सोनेरी मातकट रंग रानाचा असतो, आणि रान राहिले तरच तो राहील. लग्नात कोशाची साडी घेताना तिच्यामागे कोणाच्या रात्री गेल्या आहेत, एवढे आठवावे.

आता एक कटू प्रकरण. आपल्याकडून चीनला जे गेले, ते सगळेच ग्रंथ आणि उपदेश नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, आणि त्याच्या मोबदल्यात देण्यासाठी त्यांनी अफू काढली. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. चीनमध्ये घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. १८३९ साली लिन झेशू या करड्या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यावर इंग्रजांनी युद्ध पुकारले, चीनचा पराभव केला आणि १८४२ साली हाँगकाँग बेट घेतले. त्या फौजांत हिंदी शिपाई होते. मुंबईच्या वैभवाचा मोठा वाटा या व्यापाराचा आहे. सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती चीनच्या व्यापारातली होती, त्यात अफूही होती, आणि त्यांच्याच उदार दानातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. दान मोठे होते, यात शंका नाही. पण ज्या घरातला कर्ता पुरुष व्यसनापायी भांडीकुंडी विकतो, त्या घरातली बाई काय भोगते हे आपल्या मंडळाला सांगावयास नको. चिनी माणसाच्या मनात त्या शतकाचा अपमान अजून सलतो, आणि त्याच्या आजच्या ताठरपणाचे एक मूळ तेथे आहे. कारण समजले म्हणजे कृत्य क्षम्य ठरते असे नव्हे. पण कारण न समजता उपाय सापडत नाही.

त्यांच्या घरातले दुःखही पाहू. सुमारे हजार वर्षे चीनमध्ये मुलींचे पाय बांधीत. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की बोटे तळव्याखाली दुमडून पट्ट्यांनी करकचून आवळायची, पाय तीन इंचांचा व्हावा म्हणून. आणि हे करणारी आईच असे, कारण मोठ्या पायाच्या मुलीला स्थळ मिळणार नाही ही धास्ती. छिउ जिन नावाच्या एका तेजस्वी स्त्रीने याविरुद्ध आवाज उठविला. घर सोडून ती जपानला शिकावयास गेली, परत येऊन १९०७ साली तिने शांघायला स्त्रियांसाठी मासिक काढले, आणि त्याच वर्षी क्रांतीच्या आरोपाखाली तिला देहान्त शासन झाले. तिच्या आधी पाव शतक, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली होती. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. १९१२ साली प्रजासत्ताकाने पाय बांधण्यास बंदी केली. १९४९ साली कम्युनिस्ट राजवट आली, आणि १९५० च्या विवाह कायद्याने सक्तीची लग्ने व उपपत्नी ठेवणे बंद झाले. हे चांगले झाले. पण त्याच राजवटीच्या हट्टी धोरणांमुळे १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे भुकेने मेली. १९८० पासून २०१५ अखेर एका जोडप्यास एकच मूल, असा नियम सरकारने लादला आणि मुलगी नको म्हणणाऱ्यांचे फावले. सरकारने घरात शिरून पाळणा मोजावा, हे योग्य की अयोग्य, याचा विचार आपण कराल.

आता पुन्हा शान्शीकडे. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात दोन महाराष्ट्रीय होते. एक आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर, आणि दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक शान्शीतील येनान येथे पोहोचले. विमानांतून बॉम्ब पडत, म्हणून तेथील दवाखाने त्याच पिवळ्या मातीतल्या गुहांत होते. बाकीचे डॉक्टर यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, रणांगणामागे शस्त्रक्रिया केल्या, आणि १९४१ साली बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे होते न होते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

सर्वजण कोटणीसांचे स्मरण करतात, आणि ते योग्यच आहे. पण या मंडळात मी क्वोबाईंचे स्मरण करू इच्छिते. युद्धात वैधव्य, पदरी तान्हे मूल. तो मुलगाही वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. मधल्या काळात पतीचा देश आणि आपला देश एकमेकांचे वैरी झाले. तरीही त्यांनी सासरचे नाते तोडले नाही. त्या भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या, आणि २०१२ साली, नव्वदी केव्हाच ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. दोन सरकारांना जे जमले नाही, ते एका सुनेने सत्तर वर्षे निभावले.

शेवटची हकीकत आपल्या अगदी दाराजवळची आहे. तुमसर रोडहून रेल्वेचा एक फाटा तिरोडीला जातो. मँगनीजच्या खाणींचे ते गाव बालाघाट जिल्ह्यात पडते. या तिरोडीत एक चिनी मनुष्य अनेक वर्षे राहत होता. तो शान्शी प्रांतातला, चिनी सैन्यातला मोजणीदार. युद्ध थांबल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, वाट चुकून आपण भारताच्या हद्दीत आलो, असे तो सांगे. सहासात वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत काढल्यावर १९६९ साली त्याला तिरोडीला आणून सोडले. परत जाण्याची परवानगी मिळेना. तो पिठाच्या गिरणीत कामाला लागला. गव्हाच्या मुलखातला माणूस, येथेही पिठातच हात घालून उभा राहिला. गावातल्याच मुलीशी त्याचे लग्न झाले, मुले झाली. तिकडे आई वाट पाहत होती, ती २००६ साली वारली. वर्तमानपत्रांनी आणि नभोवाणीने त्याची कथा जगापुढे आणल्यावर २०१७ च्या फेब्रुवारीत, चोपन्न वर्षांनी, तो आपल्या गावी पोचला. भाऊबंद त्याला मिठी मारून रडले.

या माणसाला शत्रू म्हणावे की शेजारी? कायद्याने काय म्हणावे ते कायदा जाणे. पण तिरोडीच्या बायकांनी त्याच्या हातून दळण घेतले, त्याच्या पत्नीला सुखदुःखात साथ दिली, आणि देशभक्तीत त्या आपल्यापेक्षा तसूभरही कमी नव्हत्या. याउलट, याच युद्धानंतर भारतातच जन्मलेल्या आणि चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांचा अपराध त्यांचा चेहरा, एवढाच. आणि आजही मणिपूर-नागालँडच्या मुली नागपूर-पुण्यात शिकावयास आल्या की रस्त्यावरची पोरे त्यांना ‘चिनी’ म्हणून हिणवतात. करोनाच्या दिवसांत तर कहर झाला. ती पोरे कोणाची? आपल्यासारख्याच घरांतली. सीमेचे रक्षण जवान करतील. आपल्या मुलाच्या जिभेचे रक्षण मात्र आपल्यालाच करावे लागेल.

आता आवरते घेते. जाताजाता मंडळापुढे दोन लहान सूचना ठेवते. पहिली अशी की, मंडळाच्या खोलीत आशिया खंडाचा एक मोठा नकाशा लावावा. बातमी ऐकली की ते ठिकाण कोणीतरी बोटाने दाखवावे. नकाशावर बोट ठेवून बोलणारी बाई अफवेला सहसा बळी पडत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची वाटते. चौदाशे वर्षांपूर्वी एका परक्या प्रवाशाने लिहून ठेवले, म्हणून आपण तेव्हा कसे होतो ते आज आपल्याला कळते. कचारगडच्या कथा मात्र गोंडी गाण्यांतून, म्हाताऱ्या आयाबायांच्या तोंडून चालत आल्या आहेत. त्या आजीबाई आपल्यात आहेत तोवर, आपल्या मंडळातील गोंड भगिनींनी पुढाकार घेऊन, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच शब्दांत त्या उतरवून घ्याव्यात. इतरांनी कागद, शाई आणि वेळ पुरवावा, शब्दांत ढवळाढवळ करू नये. एक-एक कथा दर वर्षी या स्मरणिकेत छापली, तरी दहा वर्षांत मोठा ठेवा होईल. आपली ओळख परक्या प्रवाशाच्या वहीवर सोपवून का बसावे?